आई-बाबा नाशिकला, नावं एडिसनच्या रिटर्नवर

ते पाकीट अठरा दिवस फळांच्या टोपलीखाली पडून होतं. आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याचं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या ओळखीच्या एकाच्या घरी चहाचा कप ठेवायला मी टोपली सरकवली आणि ते दिसलं. "ताई, उघडलंय मी ते. दोनदा वाचलंय. पण पुढे काय करायचं कळेना, म्हणून परत ठेवलं," तो म्हणाला. पत्रात २०२२ सालच्या टॅक्स रिटर्नबद्दल विचारणा होती: तुम्ही दोन डिपेंडंट दाखवले आहेत, त्यांचे पुरावे तीस दिवसांत पाठवा. ते दोघं म्हणजे त्याचे आई-वडील. आणि २०२२ मध्ये दोघंही वर्षभर नाशिकला होते.

तीसपैकी बारा दिवस उरले होते.

करहंगामात मी मोफत रिटर्न भरून देणाऱ्या एका केंद्रावर स्वयंसेवक म्हणून बसते. असं पाकीट घेऊन येणारी मराठी माणसं मला दर वर्षी भेटतात. त्यांतलं कुणीही सरकारला फसवायला निघालेलं नसतं. दर महिन्याला न चुकता घरी पैसे पाठवणारी, बाबांच्या अँजिओप्लास्टीचं बिल इथून भरणारी ही मुलं असतात. "आई-बाबा माझ्यावर अवलंबून नाहीत, तर कुणावर आहेत?" हा त्यांचा प्रश्न मनापासूनचा असतो. म्हणून आधी त्या शब्दापाशीच थांबायला हवं.

डिपेंडंट हा शब्द आपल्या आयुष्यात तीन दारांतून येतो. एच-४ व्हिसाला आपण सर्रास डिपेंडंट व्हिसा म्हणतो, त्यामुळे बायको किंवा नवरा डिपेंडंट होतो. ऑफिसच्या आरोग्यविम्यात डिपेंडंटची वेगळी यादी असते. भारतात नोकरी केलेल्यांना तर आई-वडिलांच्या मेडिक्लेमवर कलम ८०डीखाली मिळणारी वजावट पाठ असते. अमेरिकी करकायद्यातला डिपेंडंट या तिघांशीही जुळत नाही. तिथे नवरा किंवा बायको कधीच डिपेंडंट नसते, व्हिसावर काहीही लिहिलेलं असो. आणि आई-वडिलांसाठी एक अट अशी आहे, की तिच्यापुढे तुमचं प्रेम आणि तुमचे पैसे दोन्ही थांबतात: ती व्यक्ती त्या वर्षी अमेरिकेची नागरिक किंवा करदृष्ट्या रहिवासी असली पाहिजे, नाहीतर कॅनडा किंवा मेक्सिकोची रहिवासी. यादीत भारत नाही. नाशिकला राहणाऱ्या आईचा सगळा खर्च तुम्ही केलात तरी ती तुमच्या फॉर्म १०४० वर, म्हणजे रिटर्नच्या मुख्य फॉर्मवर, येत नाही.

मग त्याच्या रिटर्नवर ती नावं आली कशी? २०२१ मध्ये कोविडच्या गोंधळात आई-बाबा इथेच दहा महिने राहिले होते. त्या वर्षी त्यांचा मुक्काम रहिवासी ठरण्याइतका भरला, त्यांचे आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी क्रमांक न मिळणाऱ्यांचे करक्रमांक, काढले गेले आणि नावं रिटर्नवर चढली. पुढच्या वर्षी रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरने मागच्या वर्षीची माहिती जशीच्या तशी पुढे ओढली. "यात काही बदल आहे का?" या प्रश्नावर त्याने रात्री अकरा वाजता "नाही" दाबलं. २०२२ ला तसंच, २०२३ लाही तसंच. मी पाहिलेल्या चुकांमधल्या निम्म्या तरी अशाच झालेल्या आहेत.

आता पत्राकडे वळू. पहिलं काम म्हणजे पत्र नीट वाचणं. कोपऱ्यात नोटिशीचा क्रमांक असतो. सीपी ७५ए असेल तर ते डिपेंडंटचे आणि फायलिंग स्टेटसचे पुरावे मागतायत. सीपी ८७ए असेल तर तुम्ही दाखवलेल्या डिपेंडंटचाच सोशल सिक्युरिटी क्रमांक दुसऱ्या कुणीतरी आपल्या रिटर्नवर लावलाय. हे ऑडिट नव्हे, तुमचं तुम्ही तपासा एवढाच इशारा आहे. लेटर ५६६ असेल तर टपालाने होणारी तपासणी सुरू झाली आहे. सोबत बहुधा फॉर्म ८८६-एच-डीईपी जोडलेला असतो आणि कोणते कागद चालतील याची यादी त्यात दिलेली असते. एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढा: कुठल्या वर्षाबद्दल विचारलंय, कुणाबद्दल विचारलंय, उत्तराची शेवटची तारीख काय. आम्ही त्या संध्याकाळी वर्तमानपत्राबरोबर आलेल्या जाहिरातीच्या मागे हेच तीन मुद्दे लिहिले आणि कागद फ्रिजवर लावला. त्याची बायको म्हणाली, "एवढंच विचारलंय होय?" एवढंच विचारलेलं असतं. तपासणी बहुतेक वेळा टपालानेच होते, कुणी दारात येत नाही. पहिला संपर्कही टपालानेच होतो. फोनवर धमकावून गिफ्ट कार्ड मागणारा माणूस करखात्याचा नसतो.

मुदत अपुरी वाटली तर पत्रावरच्या क्रमांकावर फोन करून वाढवून मागा. मुदत संपायच्या आत मागितली तर सहसा मिळते. संपल्यावर मात्र तुमच्या बाजूचं काहीही न ऐकता दावा नामंजूर होतो.

यानंतर घरातल्या घरात एक प्रामाणिक निवाडा करायचा: दावा बरोबर होता की चूक? या प्रश्नाचं उत्तर पुढाऱ्यासारखं गोलमोल देऊ नका.

चूक असेल तर ती कबूल करा, आणि थोडक्यात करा. त्याच्या उत्तराचा गाभा तीन वाक्यांचा होता: २०२२ च्या रिटर्नवर मी माझ्या आई-वडिलांना डिपेंडंट दाखवलं, त्या वर्षी ते भारतात राहत होते, हा दावा चुकीचा होता आणि तो मी मागे घेतो. चौथ्या वाक्यात मागच्या वर्षीची माहिती सॉफ्टवेअरमधून कशी पुढे आली ते लिहिलं, कारण ते खरं होतं आणि दंडाच्या प्रश्नावर त्याचा उपयोग होता. त्याने आधी दीड पानांचं पत्र लिहिलं होतं. त्यात आईचा मधुमेह होता, बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं, घरी पाठवलेल्या पैशांच्या पावत्यांची यादी होती. वाचताना माझ्याच घशाशी आलं. पण त्यातलं काहीच कायद्याने विचारलेलं नव्हतं. ते पत्र त्याने जपून ठेवलं आणि छोटं पत्र पाठवलं.

एक काम मात्र कधीही करू नका. "डॉक्टरांकडून आई इथे होती असं लिहून घेऊ का?" "घरमालक ओळखीचे आहेत, देतील पत्र." हे प्रश्न मी ऐकले आहेत, तेही चांगल्या माणसांकडून, घाबरलेल्या अवस्थेत. चुकीच्या दाव्यावर निष्काळजीपणाचा दंड लागला तर तो कमी भरलेल्या कराच्या २० टक्के असतो. फसवणूक ठरली तर ७५ टक्के. शिवाय चूक तीन वर्षांच्या मुदतीनंतर सहसा उकरता येत नाही, फसवणुकीला मात्र मुदतच नाही. एक खोटं पत्र तुम्हाला पहिल्या रकान्यातून उचलून दुसऱ्यात नेऊन बसवतं.

रक्कम किती होते ते आकड्यांत पाहिलं की भीती पुष्कळ उतरते. २०१७ पर्यंत प्रत्येक डिपेंडंटमागे ४,०५० डॉलरची सूट होती. २०१८ पासून ती शून्य झाली आणि मुलांव्यतिरिक्तच्या डिपेंडंटसाठी माणशी ५०० डॉलरचं क्रेडिट आलं. दोघांचे मिळून १,००० डॉलर, एका वर्षाचे. त्यावर रिटर्नच्या मूळ तारखेपासून व्याज. ते रोज चक्रवाढीने लागतं. २०२४ मध्ये व्याजाचा दर वर्षाला ८ टक्के होता. त्याच्या बाबतीत व्याज शंभर डॉलरच्या थोडं वर गेलं. दंड लावला गेला नाही. दंडाचा प्रस्ताव आलाच असता तर वाजवी कारण दाखवून आणि सद्भावनेने वागल्याचं सांगून तो माफ करून घ्यायची विनंती वेगळी करता येते. कर मान्य आणि दंड अमान्य असं उत्तर देता येतं, हे अनेकांना माहीतच नसतं.

मुलांच्या बाबतीत रक्कम मोठी होते. २०२४ मध्ये मुलामागचं क्रेडिट २,००० डॉलरपर्यंत होतं, २०२५ साठी ते २,२०० आहे, आणि त्यासाठी मुलाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो. पुण्यात जन्मलेली, एच-४ वर आलेली, आयटीआयएन असलेली मुलगी तुमची डिपेंडंट होऊ शकते, पण तिच्यासाठी ५०० च मिळतात. नियमांकडे बेपर्वाईने दुर्लक्ष केलं असं ठरलं तर दोन वर्षं आणि फसवणूक ठरली तर दहा वर्षं ही क्रेडिटं बंद होतात. साधी नामंजुरी झाली असली तरी पुढे पुन्हा दावा करताना फॉर्म ८८६२ जोडावा लागतो.

आपल्याकडे आणखी एक प्रसंग वारंवार येतो. बाळ इथे जन्मलं, नागरिक आहे, सोशल सिक्युरिटी आहे. पण दोघांच्या नोकऱ्या, डेकेअरचा खर्च, म्हणून सहा महिन्यांचं झाल्यावर ते आजी-आजोबांकडे सांगलीला गेलं आणि वर्षभराने परत आलं. मुलाचं क्रेडिट मिळायला मूल वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ तुमच्याबरोबर राहिलेलं असावं लागतं. आजारपण, शिक्षण, सुट्टी यांसाठीची तात्पुरती गैरहजेरी चालते, पण वर्षभराचा सांगलीचा मुक्काम तात्पुरता मानायचा का, हे आपलं आपण ठरवण्यासारखं नाही. अशा वेळी रिटर्न भरण्याआधीच सीपीए किंवा एन्रोल्ड एजंट अशा अधिकृत करसल्लागाराला पासपोर्टवरच्या तारखांसह विचारा.

दावा बरोबर असेल तर? कॉलेजातल्या मुलाचं उदाहरण घ्या. वय चोवीसच्या आत, पूर्णवेळ विद्यार्थी, खर्च तुमचा. पण त्याने कॅम्पसवरच्या नोकरीचं स्वतःचं रिटर्न भरताना "मला दुसरं कुणी डिपेंडंट दाखवू शकतं" या चौकटीत खूण केली नाही. करखात्याच्या यंत्रणेला एकच क्रमांक दोन ठिकाणी दिसला. इथे चुकलेलं रिटर्न त्याचं आहे. त्याने फॉर्म १०४०-एक्स भरून ते दुरुस्त करावं, आणि तुम्ही त्याचा जन्मदाखला, कॉलेजची नोंदणी आणि पत्ता दाखवणारे कागद पाठवावेत. घटस्फोटित पालकांत सहसा मूल ज्याच्याकडे जास्त रात्री राहिलं त्याचा दावा आधी. दुसऱ्याला तो द्यायचा असेल तर फॉर्म ८३३२ वर सही लागते. न्यायालयाच्या निकालपत्रात काहीही लिहिलेलं असलं तरी आता हा फॉर्मच मागतात.

ग्रीनकार्ड घेऊन तुमच्याकडेच राहणाऱ्या आईचा दावा अगदी योग्य असू शकतो. त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात. तिचं स्वतःचं करपात्र उत्पन्न मर्यादेच्या आत होतं. २०२४ साठी ही मर्यादा ५,०५० डॉलर होती, म्हणजे साधारण सव्वाचार लाख रुपये. भारतातलं निवृत्तिवेतन आणि मुदत ठेवीचं व्याज यात धरलं जातं. महिना पस्तीस हजारांची पेन्शन आणि वर थोडं व्याज असलं की मर्यादा ओलांडलीच. दुसरं, तिच्या एकूण खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग तुम्ही उचलला. यात तुमच्या घरातली तिची खोली वाजवी भाड्याने मोजता येते, किराणा, औषधं, विम्याचा हप्ता मोजता येतो. भाऊ-बहिणी मिळून खर्च करत असतील तर फॉर्म २१२० आहे: दहा टक्क्यांहून जास्त वाटा असलेल्यांपैकी एकाने दावा करायचा, बाकीच्यांनी त्या वर्षापुरता सोडल्याचं सहीनिशी लिहून द्यायचं.

कागद पाठवताना मूळ प्रती पाठवू नका, छायाप्रती पाठवा. प्रत्येक पानावर तुमचं नाव, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि करवर्ष लिहा. पत्रात ऑनलाइन अपलोड करायची सोय दिली असेल तर ती वापरा आणि पोचपावतीचं पान जपून ठेवा. टपालाने पाठवत असाल तर सर्टिफाइड मेलने, पोच मागून. जे विचारलंय तेवढंच पाठवा. नीट लावलेली बारा पानं ऐंशी पानांच्या गठ्ठ्यापेक्षा लवकर वाचली जातात.

एडिसनमध्ये त्याच्या उत्तरानंतर काही आठवड्यांनी दुसरं पत्र आलं. सोबत फॉर्म ४५४९, म्हणजे बदललेल्या कराचा हिशेब. तो तपासा, आपल्याच आकड्यांशी ताडून पाहा. मान्य असेल तर सही करून परत पाठवा. मान्य नसेल तर या टप्प्यावरही म्हणणं मांडता येतं आणि करखात्याच्याच अपील विभागाकडे जाता येतं. एकदम पैसे नसतील तर हप्त्यांची सोय आहे; ५०,००० डॉलरपर्यंतच्या थकबाकीसाठी ती ऑनलाइनच मागता येते.

गप्प बसलात तर मात्र नोटीस ऑफ डेफिशिअन्सी, म्हणजे कर कमी भरल्याची कायदेशीर नोटीस, येते. या पत्रातली तारीख कुणाच्या विनंतीने पुढे सरकत नाही. पत्राच्या तारखेपासून ९० दिवसांत यूएस टॅक्स कोर्टात अर्ज करावा लागतो; फी ६० डॉलर, आणि वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंतच्या वादासाठी सोपी पद्धत आहे. पत्र अमेरिकेबाहेरच्या माणसाला पाठवलेलं असेल तर १५० दिवस मिळतात. पण नोकरी सोडून पुण्याला परतलेल्यांनी इथे सावध राहावं. करखातं पत्र तुमच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर धाडतं, आणि तुम्ही पत्ता बदलल्याचं कळवलंच नसेल तर ते जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहतं, मुदत मात्र धावत असते. देश सोडताना फॉर्म ८८२२ भरून पत्ता कळवा आणि करखात्याच्या संकेतस्थळावरचं आपलं खातं चालू ठेवा. तिथल्या ट्रान्सक्रिप्टवर ४२० हा कोड दिसला तर रिटर्न तपासणीसाठी निवडलं गेलंय, हे पुण्यात बसूनही कळतं. सगळ्या मुदती गेल्या असल्या आणि तुमच्याकडे खरे कागद असले, तर ऑडिटचा फेरविचार मागता येतो.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न दबक्या आवाजात येतो: "ग्रीनकार्डाला काही होणार नाही ना?" टपालाने झालेली तपासणी, मान्य केलेली चूक आणि भरलेला कर हा गुन्हा नाही. इमिग्रेशनला मुख्य धोका होतो तो गुन्हा सिद्ध झाल्यावर. फसवणूक किंवा खोटं विधान आणि सरकारचं १०,००० डॉलरहून जास्त नुकसान असेल तर ग्रीनकार्डधारकालाही देशाबाहेर काढता येतं, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कावाशिमा खटल्यात स्पष्ट केलं. नागरिकत्वाच्या अर्जात थकीत कराबद्दल प्रश्न असतो. म्हणून पैसे भरल्याची पावती आणि प्रकरण बंद झाल्याचं पत्र इमिग्रेशनच्या फायलीतच ठेवा.

एका वर्षाचं पत्र आलं की बाकीची वर्षं स्वतः उघडून पाहा. त्याच्या २०२३ च्या रिटर्नवरही तीच दोन नावं होती आणि त्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नव्हतं. करखात्याने त्या वर्षाची तपासणी सुरू करण्याआधी तुम्ही १०४०-एक्स भरून फरक भरलात, तर त्या फरकावर सहसा चुकीबद्दलचा दंड लागत नाही. त्याने त्याच आठवड्यात ते केलं. ज्या वर्षाचं पत्र आलेलं आहे त्या वर्षासाठी मात्र वेगळं १०४०-एक्स भरू नका, पत्रालाच उत्तर द्या. आणि राज्याला विसरू नका. न्यू जर्सीत डिपेंडंटमागे अजूनही १,५०० डॉलरची सूट आहे, ती गेली की राज्याचाही कर वाढतो. केंद्राने केलेला बदल इथे ९० दिवसांत कळवावा लागतो. कॅलिफोर्नियात सहा महिने मिळतात.

रिटर्न पैसे देऊन दुसऱ्याकडून भरून घेतलं असेल तर त्याची सही आणि पीटीआयएन, म्हणजे रिटर्न भरून देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, त्यावर आहे का पाहा. ही क्रेडिटं मागताना तुम्हाला प्रश्न विचारून फॉर्म ८८६७ भरणं त्याच्यावर बंधनकारक आहे. "आई-बाबा कुठे राहतात?" हे त्याने कधी विचारलंच नसेल, तर फॉर्म १४१५७ वर तक्रार करता येते. कर मात्र तुम्हालाच भरावा लागतो, कारण खाली सही तुमची असते. प्रकरण अनेक वर्षांचं किंवा काही हजारांचं असेल तर सीपीए, एन्रोल्ड एजंट किंवा वकिलाला फॉर्म २८४८ वर अधिकार देऊन पुढे करा. उत्पन्न कमी असेल तर लो इन्कम टॅक्सपेअर क्लिनिकं हे काम मोफत किंवा नाममात्र शुल्कात करतात.

शेवटी पैसे भरून झाल्यावर त्याने विचारलं, "पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिने येतायत, तेव्हा तरी नावं घालू का?" मुक्कामाचा हिशेब असा: चालू वर्षातले सगळे दिवस, मागच्या वर्षातल्या दिवसांचा तिसरा हिस्सा, त्याच्या मागच्या वर्षातल्या दिवसांचा सहावा हिस्सा. बेरीज १८३ झाली की रहिवासी. १ मे ते २८ ऑक्टोबर म्हणजे १८१ दिवस. दोन वर्षांपूर्वी ९० दिवस राहिले असतील तर त्याचे १५, एकूण १९६. गणित जमतं. पण रहिवासी ठरलं की त्यांचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकी कराच्या कक्षेत येतं. सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरवर गेली, तरी नाशिकच्या बँकेतल्या ठेवी इथे कळवाव्या लागतात. म्हणूनच भारताशी नातं जास्त घट्ट आहे असं फॉर्म ८८४० वर सांगून अनेक आई-वडील रहिवासी न ठरण्याचा मार्ग घेतात. पाचशे डॉलरसाठी बाबांच्या आयुष्यभराच्या ठेवी दुसऱ्या देशाच्या कागदांवर चढवायच्या का, हे त्यांना विचारून ठरव, एवढं मी म्हटलं.

त्याने लॅपटॉप उघडला. आई-बाबांच्या आजवरच्या येण्या-जाण्याच्या तारखा आय-९४ या प्रवेश-नोंदींच्या संकेतस्थळावरून उतरवून एका पानावर लिहिल्या आणि ते पान टॅक्सच्या फायलीत पहिलं लावलं. मग रिटर्नच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन दोन्ही नावं काढली. "खात्री आहे का?" असं तिथे विचारतात. बाबांच्या नावापाशी तो जरा थांबला, मग "हो" दाबलं आणि नाशिकला फोन लावला.